रेझिनमधलं मीठ

निवृत्तीनंतर माणसाने एखादा छंद लावून घ्यावा असं सगळे सांगतात. त्या छंदाला वास असेल तर घरच्यांनी काय करावं, हे मात्र कोणी सांगत नाही. माझ्या छंदाला वास आहे. मी रेझिनचे दागिने करते. दोन बाटल्या असतात. एकीत मधासारखं दाट रेझिन, दुसरीत त्याला घट्ट करणारं हार्डनर. दोन्ही मापात मिसळायची, बुडबुडे होऊ न देता सावकाश ढवळायची, सिलिकॉनच्या मऊ साच्यात ओतायची आणि एक दिवस विसरून जायचं. दुसऱ्या दिवशी साच्यातून काचेसारखा टणक, चकचकीत तुकडा निघतो आणि तुम्ही आत जे काही टाकलं असेल ते त्यात कायमचं बसलेलं असतं. फूल, पान, सोनेरी वर्ख, काहीही. ही सगळी कृती मला पाठ आहे. फक्त ते एक दिवस विसरून जाणं आजतागायत जमलेलं नाही.

आयुष्यभर मी डोंबिवलीतल्या एका शाळेत शास्त्र शिकवलं. वर्गभर पोरांचा कलकलाट बंद करण्यात तारुण्य गेलं, आणि तो खरंच बंद झाला तेव्हा मला घरात करमेना. नवरा माझ्या आधीच निवृत्त झालेला. त्याला शांतता आवडते, मला ती खायला उठते. म्हणून एका शिबिरात जाऊन रेझिन शिकून आले, बाल्कनीत टेबल टाकलं आणि तिला प्रयोगशाळा म्हणायला लागले. नवरा तिला 'हिचा कारखाना' म्हणतो. बाल्कनीतली आरामखुर्ची हॉलमध्ये गेल्याचा राग त्याच्या मनात अजून आहे, आणि तो त्याने तसाच जपून ठेवावा, असं माझं मत आहे.

सुरुवातीला फार फजिती झाली. जास्वंदीची ताजी पाकळी घातली, ती आतल्या आत कुजून चहाच्या चोथ्यासारखी झाली. सुकवल्याशिवाय काही घालायचं नाही, हा धडा तेव्हा मिळाला. एकदा निळ्याभोर पदकात एक डास येऊन बसला आणि बसला तो बसलाच. डोंबिवलीचा धष्टपुष्ट डास, पाय पसरून, अगदी फोटोला बसल्यासारखा. मी ते पदक फेकणार होते, पण नवऱ्याने ते उचलून आपल्या किल्ल्यांना लावलं. आता बिल्डिंगमध्ये येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो ते दाखवतो आणि म्हणतो, "हिच्या हातून सुटलेला अजून कोणी नाही." वर्षभरात मात्र हात बसला. ओळखीच्या बायका झुमके, अंगठ्या मागायला लागल्या. साच्यातून तुकडा सोडवताना तो सुटण्याचा जो बारीक चट् आवाज होतो, त्या आवाजाने मला आजही लहान मुलीसारखा आनंद होतो. हे सांगायला मला लाज वाटत नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बंगला आहे. आमची बिल्डिंग, शेजारची बिल्डिंग, तिच्या मागचं मैदान, हे सगळं एके काळी त्या बंगल्यातल्यांचं भातशेत होतं. इथली मूळची आगरी माणसं ती. शिवाय दिवा स्टेशनच्या पुढे खाडीकाठी त्यांचं मिठागर होतं, त्याला ते आगर म्हणतात. भात आणि मीठ या दोन्हींवर घर चालायचं. आता शेतावर आम्ही राहतो आणि आगरावर भराव पडून ट्रक उभे राहतात. त्या घरातली मुलगी माझी विद्यार्थिनी. पहिल्या बाकावर बसायची आणि मी फळ्याकडे वळले की मागच्या बाकाशी गप्पा मारायची. आता ठाण्यात माजिवड्याला ऑफिसात मोठी साहेबीण आहे, तरी गल्लीत दिसले की स्कूटर थांबवून "टीचर!" अशी हाक मारते, आणि मी नकळत तिच्या केसांना रिबीन आहे का ते बघते.

मागच्या हिवाळ्यात ती एका सकाळी घरी आली. हातात चिनीमातीची छोटी बरणी, तोंडाला फडकं बांधलेलं.

"टीचर, माझं लग्न ठरलंय," ती म्हणाली.

"आणि पेढ्यांऐवजी लोणचं?"

ती हसली आणि फडकं सोडलं. आत मीठ होतं. जाडं, खड्यांचं, मळकट करड्या रंगाचं, जेमतेम मूठभर.

मग तिने सांगितलं ते असं. त्यांच्या घराण्यातली मुलगी सासरी जाताना पदराच्या टोकाला आपल्या आगरातलं मूठभर मीठ बांधून नेते. सासरी पहिल्या दिवशी ती जे रांधेल त्यात ते मीठ पडतं. आजीने ते आत्यांना दिलं, चुलत बहिणींना दिलं. आगर गेलं तेव्हा तिच्या आजोबांनी शेवटच्या वर्षीचं थोडं मीठ या बरणीत भरून ठेवलं. घरातल्या मुली एकेक करून गेल्या, बरणी खाली खाली होत गेली. आता लग्नाची ही एकटीच उरली होती आणि मीठही तिच्यापुरतंच उरलं होतं.

"माझं मीठ एका कालवणात संपून जाणार, टीचर," ती म्हणाली. "त्याच्यानंतर काहीच नाही. मला ते राहायला हवंय. तुम्ही फुलं घालता ना रेझिनमध्ये? तसं मीठ घाला. हार आणि झुमके. मी हळदीला घालणार."

मला कल्पना इतकी आवडली की मी लगेच बरणीला हात घातला. तेवढ्यात ती म्हणाली, "एक प्रॉब्लेम आहे. बाबा नको बोलतायत." बाबा म्हणजे तिचे आजोबा, सगळी गल्ली त्यांना बाबाच म्हणते. "तुम्ही चला ना. तुम्ही बोललात तर ऐकतील. ते तुम्हाला घाबरतात."

"मला? का?"

"मला शाळेत घ्यायला आलेले तेव्हा तुम्ही त्यांना गेटवर झापलेलं. बिडी विझवा म्हणून."

मला काही आठवत नव्हतं, पण मी तसं केलं असणार याबद्दल शंका नव्हती.

बंगल्याच्या ओटीवर बाबा वालाच्या शेंगा सोलत बसले होते. ऐंशीच्या पुढचं वय, अंगाने काटक, आणि तळपाय असे भेगाळलेले की त्यांवर कुठलंही मलम हरेल. आगराची जमीन घट्ट व्हावी म्हणून ती पायांनी तुडवायची असते. ते काम त्यांनी जन्मभर केलं होतं. मला बघून त्यांनी दोन्ही तळहात उघडून दाखवले.

"या मास्तरीणबाय. बगा, बिडी नाय."

मी हसले, खुर्ची ओढली आणि मीठ चांगलं टिकेल, काचेत ठेवल्यासारखं दिसेल, असं सगळं पटवून सांगायला लागले. बाबांनी ऐकून घेतलं. मग बरणीतला एक खडा काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"बगा नीट. मलका हाय का नाय? आमचे आगराची मातीच काली. कितीबी तुरवा, कितीबी साफ करा, मीठ असाच पिकाचा, मलका, न मागनं कारल्यावानी करू. व्यापारी याचा न बोलाचा, यो मच्छी खारवाला न्या. बाजूवाल्याचा मीठ पांढरा फेक, गाडीन भरून जाचा, न आमचा ढिगारा तसाच." ते थांबले. नात बाजूला उभी होती तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. "पदराला बांधला तर कोन बघतंय? पन पोरीचे गल्यान, सगल्या लोकांचे पुढं? हसतीन ना."

मला वाटलं होतं त्यांचा आक्षेप मीठ वाया जाण्याला असेल, देवाधर्माचा असेल. यातलं काहीच नव्हतं. म्हाताऱ्याला त्या मिठाची लाज वाटत होती, आणि आपली लाज नातीच्या गळ्यात पडू नये म्हणून तो धडपडत होता. तो खडा मी जपून बरणीत परत ठेवला.

"बाबा," नात म्हणाली, "मला हेच पाहिजे. मळकंच पाहिजे."

बाबांनी हातातली शेंग सोलून संपवली. मग बरणी माझ्याकडे सरकवली. "न्या. पन मी हलदीला बघनार, कसा दिसतंय त्या."

बरणी घेऊन घरी आले आणि मग मला घाम फुटला. दुसरं मीठ नव्हतं. बिघडलं तर जगातल्या कुठल्याही दुकानात ते मिळणार नव्हतं. म्हणून आधी वाण्याकडून जाडं मीठ आणून त्यावर हात साफ करायचं ठरवलं. घाईघाईत एका वाटीत रेझिन कालवलं, मीठ टाकलं, साच्यात ओतलं. दुसऱ्या दिवशी निघालेला तुकडा म्हणजे खोबऱ्याची वडी. आत बुडबुड्यांचा नुसता फेस, पण मीठ पांढरंशुभ्र दिसत होतं. नवरीला दाखवलं. ती म्हणाली, "दिसतंय तर मस्त. फक्त तो फेस नको."

"फेस होणारच नाही," मी छातीठोकपणे सांगितलं. हे माझं वाक्य नवऱ्याने लक्षात ठेवलं.

खऱ्या मिठाचं मी जे केलं ते मी माझ्या मुलांच्या बारशालासुद्धा केलं नव्हतं. एकेक खडा कोरड्या टूथब्रशने घासला, त्याच्यावरची काळी माती उडवली. ओलावा राहू नये म्हणून परातीत पसरून गच्चीत उन्हाला ठेवला आणि कावळे-कबुतरांवर नजर ठेवायला नवऱ्याला छत्री देऊन बसवलं. रेझिनची बाटली कोमट पाण्यात उभी केली, म्हणजे ते पातळ होऊन खड्यांच्या कानाकोपऱ्यांत शिरेल. साच्यात आधी पातळ थर दिला, त्यावर चिमट्याने खडे मांडले, मग वरून थेंब थेंब सोडलं. एक बुडबुडा दिसला की हेअर ड्रायरची ऊब, दुसरा दिसला की टाचणी. सगळं झाल्यावर डासांची आठवण ठेवून वर स्टीलचा डबा पालथा घातला. हळदीला आता दोनच दिवस उरले होते, पण मी इतकी खूश होते की संध्याकाळी कांदाभजी तळली.

सकाळी डबा उचलला. साच्यात मीठ नव्हतं.

रेझिन होतं. स्वच्छ, नितळ, एकही बुडबुडा नसलेलं, माझ्या हातून आजवर झालेलं सर्वांत सुंदर रेझिन. त्याच्या आत काही नव्हतं. मी साचा खिडकीशी नेला, चष्मा पुसला, परत बघितलं. मग हॉलमध्ये जाऊन नवऱ्याच्या पुढ्यातला पेपर खाली ओढला.

"अहो, तुम्ही मीठ काढलंत?"

"मी?" तो म्हणाला. "माझं मीठ डॉक्टरांनी केव्हाच बंद केलंय."

एरवी मी त्यावर भांडले असते. त्या दिवशी मी तिथेच सोफ्यावर बसले आणि रडायला लागले. तो बिचारा घाबरला. किल्ल्यांचा डास दाखवून मला हसवायचा प्रयत्न केला, पाणी आणून दिलं, साचा स्वतः दिव्याखाली धरून बघितला आणि म्हणाला, "विरघळलं की काय गं?" रेझिनमध्ये मीठ विरघळत नाही, हे मला माहीत होतं. पण डोळ्यांना दिसत नसलं की माहीत असल्याचा काही उपयोग होत नाही. एका म्हाताऱ्याने मूठ उघडून दिलेलं त्याच्या आगरातलं शेवटचं मीठ मी नाहीसं केलं होतं, आणि उद्या संध्याकाळी तो ते बघायला येणार होता.

नवरीला फोन केला. ती स्कूटरवरून आली ती मेंदीचे हात हँडलवर जपत. मी साच्यातून तुकडे सोडवून तिच्यासमोर ठेवले. चट् आवाज झाला. या वेळी मला त्याचा काही आनंद झाला नाही. तिने झुमक्याचा थेंब दोन बोटांत धरला, उजेडाकडे नेला, फिरवला. तिचा चेहरा पडला. मग हळूच उजळला.

"टीचर! ग्लिसरीन!"

"काय?"

"तुम्हीच दाखवलेलं की आम्हाला! काचेची कांडी ग्लिसरीनमध्ये घातली की गायब. तुम्ही बोललेलात, जादू नाही, डोकं वापरा. मी त्या दिवशी घरी येऊन सगळ्यांना पकवलेलं."

दरवर्षी, प्रत्येक तुकडीला, मी हा प्रयोग दाखवला होता. काच आणि ग्लिसरीन या दोन्हींतून प्रकाश जवळजवळ सारख्याच रीतीने जातो, कुठे वळत नाही, अडखळत नाही, म्हणून मधली कड डोळ्यांना दिसत नाही. मिठाचं आणि रेझिनचं तसंच. वाण्याचं मीठ दिसत होतं ते माझ्या गबाळेपणामुळे. खड्याभोवती हवा अडकली होती म्हणून. या वेळी मी हवेचा कण ठेवला नव्हता. जितकं निगुतीने केलं तितकं ते अदृश्य झालं. आयुष्यभर शिकवलेला धडा घरच्या बाल्कनीत येऊन उभा राहिला आणि त्याला ओळखलं कोणी, तर वर्गात गप्पा मारणाऱ्या पोरीने. मला हसू फुटलं. रडून सुजलेल्या तोंडाने मी हसत होते, ती हसत होती, आणि नवरा एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता.

नीट निरखलं तेव्हा आत कुठेकुठे काळे ठिपके दिसले, टाचणीच्या टोकाएवढे. ती आगराची माती. ब्रशने न गेलेली, खड्याच्या पोटात बसलेली. खडा दिसत नव्हता आणि त्याच्या पोटातली माती अधांतरी दिसत होती.

"आता काय करायचं?" मी विचारलं. "फोडून काही मीठ मोकळं होणार नाही."

"काही नाही करायचं. मी हेच घालणार. मला माहितीये आत आहे ते."

"आणि बाबा? त्यांनी विचारलं, मीठ कुठंय, तर?"

"ते तुम्ही समजवा," ती स्कूटरची किल्ली उचलत म्हणाली. "टीचर तुम्ही आहात."

ती गेल्यावर मी उरलेलं काम केलं. ओतीव तुकड्यांच्या कडा धारदार असतात, कानाला, मानेला लागतात. त्या पॉलिश पेपरवर घासून गोल केल्या. घासलेली कड धुरकट दिसते, म्हणून तिच्यावर परत रेझिनचा पातळ हात द्यायचा असतो; पण दोन्ही बाजूंना तो सुकायला दोन दिवस लागतात आणि तेवढे दिवस नव्हते. तशाच धुरकट कडा ठेवून कड्या बसवल्या, हूक लावले, सोनेरी मण्यांमध्ये पदकं ओवली. दिसायला दागिना देखणा होता, हे मी स्वतःच सांगते. पण हात चालत होते तेवढा वेळ मी मनात बाबांना प्रकाश शिकवत होते, आणि बाबा मनातसुद्धा ऐकत नव्हते.

हळद त्यांच्या बंगल्यासमोरच होती. एवढा मोठा मांडव, की आमच्या बिल्डिंगचं गेटही त्यात गेलं होतं. आगऱ्यांकडची हळद ज्याने पाहिली नाही त्याने लग्न पाहिलं नाही, असं मी आता कोणालाही सांगते. अर्धी डोंबिवली आणि दिव्यापर्यंतचे सगळे पाहुणे. पिवळ्याधमक नऊवाऱ्या, केसांत अबोली, एका बाजूला बेंजोवाले, दुसऱ्या बाजूला मटणाची पातेली. माझ्या नवऱ्याने आल्या आल्या तांदळाच्या भाकऱ्यांची दिशा शोधून काढली. त्याला त्या दिवशी मीठच काय, कुठलंही पथ्य नव्हतं.

नवरी पाटावर बसली होती. हळदीने माखलेला चेहरा, गळ्यात माझा हार, कानांत झुमके. मांडवातल्या दिव्यांनी तो सगळा साज पाण्याच्या थेंबांसारखा लखलखत होता. बायका वाकून वाकून बघत होत्या. "हिरा हाय का गो?" एकीने विचारलं. "अमेरिकन डायमंड असंल," दुसरीने ठरवून टाकलं. पाटाशेजारी धवलारीण बसली होती. आगऱ्यांच्या लग्नात जी गाणी म्हणून विधी लावते, ती म्हातारी बाई. तिचा आवाज बेंजोच्याही वर जात होता. मी एका खांबाशी उभी राहून बाबांची वाट बघत होते.

बाबा आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, पायांत नव्या वहाणा. लोक बाजूला झाले. ते नातीसमोर बसले, तिच्या गालाला हळद लावली आणि मग वाकून हाराकडे पाहिलं. डोळे बारीक केले. आणखी जवळ गेले. मग मागे वळून मला शोधलं.

"मास्तरीणबाय," त्यांनी हाक मारली, "मीठ कयं हाय?"

धवलारीण गाता गाता थांबली. नवरीने एका कानातला झुमका काढून त्यांच्या हातात दिला आणि माझ्याकडे पाहिलं. वर्गात दुसऱ्या कोणाला तरी उत्तर विचारलं की जसं बघायची तसं. मी पुढे झाले.

"बाबा, मीठ आतच आहे. ते कसं असतं, प्रकाश जेव्हा एका वस्तूतून दुसऱ्या वस्तूत जातो..."

बाबा ऐकत नव्हते. त्यांनी झुमका दिव्यासमोर धरला, उलटा केला, आतल्या काळ्या ठिपक्यांवर नखाने टकटक केलं. अंगठा धुरकट कडेवरून फिरवला. एकदा फिरवला, परत फिरवला, मग अंगठा बोटावर चोळून बघितला. आणि मग कोणाला काही कळायच्या आत झुमका तोंडाला लावला आणि कड चाटली.

"बाबा!" नवरी ओरडली. "अहो, रेझिन आहे ते!"

बाबांनी डोळे मिटले होते. घासताना कडेवरच्या खड्यांची पोटं उघडी पडली होती आणि वर हात द्यायला मला वेळ मिळाला नव्हता. हे मला तेव्हा, त्या क्षणी, मांडवात उभ्या उभ्या कळलं. त्यांनी तोंडातल्या तोंडात जीभ फिरवली, आणखी एकदा कड चाटली.

"खारा," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "न मागनं करू." त्यांनी डोळे उघडले. ते पाण्याने भरले होते आणि त्यांना त्याची फिकीर नव्हती. "आपलाच हाय."

मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. धवलारणीने हात पुढे केला, झुमका घेतला, चाटला आणि मान डोलावली. तिच्याकडून तो आत्याकडे गेला. तिने लग्नात पदराला बांधलेलं मीठ याच बरणीतलं. तिने तो जिभेला लावला आणि तोंडाला पदर लावून रडता रडता हसायला लागली. "तोच गो! तोच करू!" झुमका बायकांच्या रांगेतून पुढे गेला; ज्या मघाशी त्याला हिरा म्हणत होत्या त्याही चाखून बघत होत्या, नाकं मुरडत होत्या, खिदळत होत्या. बेंजोवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने एकदम जोरात सुरुवात केली. फिरत फिरत झुमका माझ्याकडे आला. मी शास्त्राची शिक्षिका, हजारदा मुलांना सांगितलंय की प्रयोगातली वस्तू तोंडात घालायची नाही. मी चाटला. खारट होता आणि मागून खरंच किंचित कडू.

मी तो पदराने पुसून बाबांच्या हातात परत दिला. नातीच्या कानात घालण्याआधी त्यांनी तो आणखी एकदा दिव्यासमोर धरला. या वेळी चाचपून बघत नव्हते. निवांत, आपल्या शेतातलं पीक बघावं तसं बघत होते. दिव्याचा उजेड झुमक्यातून आरपार जाऊन त्यांच्या हनुवटीवर पडला होता.

"मास्तरीणबाय," ते नजर न हलवता म्हणाले, "येवरा साफ मीठ आमचे आगरान कंदी पिकला नव्हता."